चुलतभावाच्या वयावरून

आजीला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती. कुणी वय विचारलं की ती चुलतभावाकडे बोट दाखवायची. ‘तो माझ्याहून चार दिवसांनी मोठा. काकांनी वहीत लिहून ठेवलंय, बघा तिकडे.’ तिच्या वडिलांनी का लिहून ठेवलं नाही, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही ते कधी मनाला लावून घेतलं नाही. चुलतभाऊ सत्तरीचा झाला की चार दिवसांनी आजी सत्तरीची. हिशेब चोख होता.

पृथ्वीचं वय नेमकं असंच काढलंय, हे मला फार उशिरा कळलं. ‘४५४ कोटी वर्षे’ हा आकडा शाळेत पाठ केला होता. तो कुणी काढला, कशावरून काढला, हा प्रश्न पडला नव्हता. मनात एक ढोबळ समजूत होती की कुणीतरी खूप खोल खणलं असेल, तळाशी सगळ्यांत जुना दगड लागला असेल आणि त्याचं वय मोजलं असेल. तसं काही घडलेलं नाही. असा दगड पृथ्वीवर नाहीच.

पृथ्वी जुनं काही जपून ठेवत नाही. तिचं कवच अखंड नाही, मोठमोठ्या भूपट्टांचं आहे आणि हे पट्ट वर्षाला काही सेंटिमीटर, म्हणजे आपली नखं वाढतात साधारण त्या गतीने, सरकत असतात. समुद्रतळाचं कवच एका बाजूला नवं तयार होतं आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा पोटात जातं. त्यामुळे आजचा बहुतेक समुद्रतळ २० कोटी वर्षांच्या आतला आहे. खंडांवरचे खडक जास्त टिकतात, पण त्यांच्याही मागे ऊन, पाऊस, बर्फ आणि डोंगर घडताना होणारी चेपाचेप असतेच. ज्याच्या वयाबद्दल फारसा वाद नाही असा सर्वांत जुना खडक कॅनडाच्या वायव्येला अकास्टा नदीच्या काठी आहे. तो ४०० कोटी वर्षांहून थोडा जास्त जुना. म्हणजे पहिल्या पन्नासेक कोटी वर्षांचा एकही खडक शाबूत उरलेला नाही. बाळपणीचा एकही फोटो नाही म्हणतात ना, तसं.

खडक न बघता वय काढण्याचा एक मोठा प्रयत्न लॉर्ड केल्विन या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १८६२ साली केला. पृथ्वी सुरुवातीला वितळलेला गोळा होती असं धरलं, आज खाणीत खाली जाताना तापमान किती वाढतं ते घेतलं आणि एवढं निवायला किती काळ लागला असेल याचं गणित मांडलं. उत्तर आलं २ कोटी ते ४० कोटी वर्षे. पुढे त्याने ते आणखी आवळत २ ते ४ कोटींवर आणलं. भूशास्त्रज्ञ हवालदिल झाले, कारण त्यांना दिसणारे थर साचायला एवढा वेळ पुरणारा नव्हता. केल्विनची आकडेमोड चुकली नव्हती. पृथ्वीच्या आतला खडक घन असूनही अतिशय सावकाश वाहतो आणि खालची उष्णता वर आणत राहतो, हे त्याने धरलं नव्हतं. आणि किरणोत्सर्ग हा प्रकार १८९६ पर्यंत कुणाला माहीतच नव्हता. हा किरणोत्सर्ग पुढे दोन्हीकडून कामाला आला. आतली उष्णता टिकवणारा तोच आणि घड्याळही तोच.

घड्याळ शिशाचं. युरेनियम हळूहळू मोडतं आणि शेवटी त्याचं शिसं होतं. युरेनियमचे दोन प्रकार आहेत. एक ४४७ कोटी वर्षांत निम्मा होतो, दुसरा ७० कोटी वर्षांत, आणि दोघांपासून होणारं शिसंही वेगवेगळ्या वजनाचं. एकाच दगडात दोन घड्याळं, एक सावकाश चालणारं आणि एक घाईचं. पण कुठलंही घड्याळ वाचायचं तर ते सुरू झालं तेव्हा काटे कुठे होते ते कळायला हवं. पृथ्वी जन्मली तेव्हा तिच्यात मुळातच किती शिसं होतं? पृथ्वीवरच्या कुठल्याही दगडाला हे सांगता येत नव्हतं. सगळ्यांत नंतरची भर मिसळलेली.

इथे चुलतभाऊ आला, म्हणजे अशनी, पृथ्वीबरोबरच सूर्यमालेत घडून अवकाशातून इथे पडलेला दगड. अमेरिकेतल्या ॲरिझोनात सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी एक लोखंडी अशनी आदळली आणि एक किलोमीटरहून मोठा खड्डा पडला. कॅनियन डायब्लो हे त्या अशनीचं नाव. तिच्या तुकड्यांमध्ये लोह आणि गंधकाचं एक खनिज सापडतं. त्यात शिसं आहे, युरेनियम जवळजवळ नाही. म्हणजे सूर्यमाला घडताना जे शिसं त्यात अडकलं ते जसंच्या तसं राहिलं, भर पडलीच नाही. काकांची वही हीच.

ती वाचली क्लेअर पॅटरसन या रसायनशास्त्रज्ञाने, आणि त्याला वर्षानुवर्षं लागली. कारण मोजायला घ्यावं तर शिसं सगळीकडेच निघायचं. भांड्यात, पाण्यात, हवेत, त्याच्या स्वतःच्या केसांत. अशनीतलं शिसं इतकं थोडं की प्रयोगशाळेतली धूळ त्याला झाकून टाकत होती. शेवटी त्याने फरशीपासून अंगातल्या कपड्यांपर्यंत सगळं घासूनपुसून, गाळलेल्या हवेची अशी खोली तयार केली, की पुढे अतिस्वच्छ प्रयोगशाळा म्हणतात त्यांच्या सुरुवातीच्या नमुन्यांत तिची गणना होते. १९५६ साली त्याने उत्तर छापलं. ४५५ कोटी वर्षे, ७ कोटी इकडेतिकडे. त्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. वेगवेगळ्या अशनींमधल्या शिशाची प्रमाणं आलेखावर मांडली तर ती एका सरळ रेषेत येतात. मग त्याने समुद्रतळाच्या गाळातलं, म्हणजे पृथ्वीचं स्वतःचं शिसं त्याच आलेखावर ठेवलं. तेही त्याच रेषेवर येऊन बसलं. चुलतभाऊ चुलतभाऊच आहे, याची खात्री पटली.

(हवेतलं ते शिसं येतं कुठून, याच्या मागे पॅटरसन नंतर हात धुऊन लागला. त्याचा मोठा भाग पेट्रोलमध्ये मिसळलेल्या शिशाचा होता. मोटारींसाठी असं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथली विक्री २०२१ मध्ये बंद झाली. पृथ्वीचं वय मोजायला बसलेल्या माणसामुळे आपल्या रक्तातलं शिसं कमी व्हायला लागलं, हे मला वयाच्या आकड्यापेक्षा मोठं काम वाटतं.)

आणि चुलतभाऊ खरोखरच चार दिवसांनी मोठा आहे. १९६९ च्या फेब्रुवारीत मेक्सिकोत आयेंदे नावाची दगडी अशनी कोसळली. तिच्या काळपट अंगात पांढरे ठिपके आहेत, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमचे. सूर्याभोवतीचा वायू निवू लागल्यावर जे अगदी पहिले घन कण बनले, ते हे. वय ४५६ कोटी ७० लाख वर्षे. आपल्या सूर्यमालेत हात लावता येईल असं याहून जुनं, इथेच घडलेलं, काही मिळालेलं नाही. पृथ्वी त्यानंतरची.

ती कशी झाली, ते सांगायला सोपं आणि कल्पायला अवघड. वायू आणि धुळीचा एक थंड ढग स्वतःच्याच वजनाने खचला. जवळजवळ सगळा ऐवज मधल्या सूर्याने घेतला. संपूर्ण सूर्यमालेच्या वस्तुमानातला ९९.८ टक्क्यांहून जास्त वाटा आजही त्याच्याकडे आहे. उरलेली चिल्लर त्याच्याभोवती चपट्या तबकडीसारखी फिरत राहिली. सूर्याजवळच्या धगीत पाणी गोठून राहणं शक्य नव्हतं, तेव्हा इथे टिकले ते धातू आणि दगड, त्यांची धूळ. धूळ धुळीला चिकटली, गुंता झाला, गुंत्याचे खडे झाले, पुढे काही किलोमीटर लांबीरुंदीचे ग्रहाणू झाले. एकदा एवढं झालं की गुरुत्वाकर्षण कामाला लागतं आणि मोठा लहानाला ओढून घेतो. मग लाखो-कोटी वर्षं नुसती धडकाधडकी. पुस्तकांत याचं चित्र फार नीटस काढतात, जणू कुणी लाडू वळतंय. प्रत्यक्षात जुळण्याइतकंच फुटणंही झालं असणार.

ही धूळ अजून पडतेच आहे. वर्षाला हजारो टन, बहुतेक समुद्रात. यॉन लार्सन नावाच्या नॉर्वेच्या एका जॅझ वादकाने शहरांतल्या छपरांवरचा गाळ गोळा करून त्यातून अवकाशातले कण वेचले. शास्त्रज्ञ आधी म्हणत होते की शहरात हे शक्य नाही, तिथे माणसाची धूळच फार. त्याने हार मानली नाही. २०१७ साली त्यांच्याच बरोबरीने निबंध छापून आला. ३०० किलो गाळातून ५०० कण.

ते वाचून मीही छपरावर चढलो. पन्हाळीतला वाळलेला गाळ बादलीत घेतला, लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यातून फिरवला. पिशवीला काळी लव उभी राहिली. पिशवी उलटी करून चुंबक बाजूला घेतलं की लव कागदावर झडते. ती भिंगाखाली घेऊन सुईच्या टोकाने बाजूला सारत दोन संध्याकाळी बसलो. बहुतेक सगळं वेडंवाकडं, गंजाचे कपचे, कसलेतरी तुकडे. पण मधूनच एखादा गोळा दिसतो. पूर्ण गोल, काळा, चकाकणारा, मिलिमीटरच्या पाव भागाएवढा. असे सात मिळाले. वेल्डिंगच्या ठिणग्याही निवताना अशाच गोल होतात, त्यामुळे माझे सातही तसलेच असायची शक्यता दांडगी आहे. खरं-खोटं करायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. एका छोट्या डबीत कापसावर ते ठेवून दिले.

आदळाआपटीत उष्णता निर्माण होते. प्रत्येक आघाताने पृथ्वी तापत गेली, आतल्या किरणोत्सर्गाने भर घातली आणि एका टप्प्यावर ती मोठ्या प्रमाणात वितळली. वितळलेल्या घरात जड माणूस खाली जातो. लोखंड थेंबाथेंबाने बुडत मध्याकडे गेलं, हलका दगड वर तरंगला. लोखंडाच्या नादी लागून सोनं, प्लॅटिनमही खाली गेलं. वरच्या खडकांत आज जे थोडं सापडतं त्यातलं पुष्कळसं नंतर पडलेल्या अशनींबरोबर आलं असावं, असं मानतात. आज पृथ्वीच्या एकूण वजनाचा साधारण तिसरा हिस्सा लोखंड आहे आणि ते जवळपास सगळं आपल्या नजरेआड आहे.

एका संग्रहालयात लोखंडी अशनीचा तुकडा हातात घेऊन बघायची मुभा होती. मुठीएवढा, तपकिरी, दिसायला काहीच नाही. दगड उचलायच्या बेताने उचलला आणि मनगटच खाली गेलं. साधा दगड पाण्याच्या पावणेतीन पट जड, हा जवळपास आठ पट. कुठल्याशा फुटलेल्या ग्रहाणूच्या गाभ्याचा तुकडा. आपल्या पृथ्वीच्या गाभ्याला हात लावणं कुणाच्याच नशिबात नाही. चुलतभावाचा पोस्टमॉर्टेम झाला म्हणून आपल्या पोटात काय असेल त्याचा अंदाज.

पोटात लोखंड आहे याचा सुगावा मात्र अशनींच्या खूप आधी एका शेडमध्ये लागला होता. हेन्री कॅव्हेंडिश हा लंडनमधला गडगंज श्रीमंत आणि कमालीचा बुजरा माणूस. १७९७-९८ मध्ये, वयाच्या साठीनंतर, त्याने पृथ्वीचं वजन करायला घेतलं. सहा फुटी लाकडी दांडी तारेला आडवी टांगलेली, तिच्या दोन टोकांना शिशाचे लहान गोळे. जवळ प्रत्येकी १५८ किलोचे दोन मोठे गोळे आणायचे. मोठा गोळा लहानाला ओढतो आणि तार किंचित पिळते. ती पीळ मोजायची. माणूस खोलीत गेला तर त्याच्या अंगाच्या उबेने हवा हलते आणि दांडी झुलते, म्हणून कॅव्हेंडिश बाहेर उभा राहून भिंतीतल्या भोकातून दुर्बिणीने बघायचा. उत्तर आलं की पृथ्वी पाण्याच्या ५.४८ पट घन आहे. आजचा आकडा ५.५१. (बेरजेत त्याची एक बारीक चूक झाली होती, ती सुधारली तर ५.४५. एवढ्या मोठ्या माणसाची हातच्याची चूक झाली, याचा मला मेला आनंदच होतो.) पायाखालचा दगड २.७ आणि सरासरी ५.५, म्हणजे आत काहीतरी भलतंच जड असलं पाहिजे. गंमत अशी की हे कळायला त्याला जमिनीत टिचभरही खणावं लागलं नाही.

खणून फार काही साधतही नाही. रशियातल्या कोला द्वीपकल्पात १९७० पासून जवळपास वीस वर्षं एक भोक पाडत होते. १९८९ मध्ये ते १२,२६२ मीटरवर पोचलं. तिथे तापमान १८० अंश निघालं, अपेक्षेपेक्षा बरंच जास्त, आणि खडक इतका मऊ पडू लागला की पुढे जाणं जमेना. मध्यापर्यंतचं अंतर ६,३७१ किलोमीटर. वीस वर्षांत आपण हजारात दोन भाग गेलो. आज त्या भोकावर एक गंजकं लोखंडी झाकण आहे, बोल्टांनी घट्ट आवळलेलं.

आतलं जे कळलं ते कान लावून. भूकंपाच्या लहरी पृथ्वीतून आरपार जातात, वाटेत वाकतात, परततात. त्यांतल्या एका जातीच्या लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत, आणि २,९०० किलोमीटरच्या खाली त्या पोचत नाहीत. म्हणजे तिथून पुढे वितळलेला गाभा. एवढं ठरून गेलं होतं. पण १९२९ साली न्यूझीलंडमध्ये झालेल्या भूकंपाच्या काही हलक्या लहरी युरोपात अशा ठिकाणी नोंदल्या गेल्या की जिथे त्या यायला नको होत्या. सगळ्यांनी तिकडे काणाडोळा केला. डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमान यांनी केला नाही. संगणक नव्हतेच. त्या जगभरच्या नोंदी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवर लिहीत आणि खोक्यांमध्ये लावून ठेवत. १९३६ साली त्यांनी सांगितलं की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे, त्यावर आपटून या लहरी वळतात. निबंधाचं शीर्षक केवळ एक अक्षर, ‘पी’, आणि डोक्यावर एक बारीकशी खूण. तो आतला गाभा पुढे घन निघाला. त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर, तापमान सूर्याच्या पृष्ठभागाच्या आसपास, तरी घन, कारण तिथला दाब हवेच्या दाबाच्या पस्तीसेक लाख पट. त्याच्याभोवती घुसळणारं पातळ लोखंड पृथ्वीला चुंबक बनवतं. माझ्या पिशवीतलं लोहचुंबक आणि होकायंत्राची सुई, दोघांनाही आजीचं, म्हणजे पृथ्वीचं, ते जुनं बुडालेलं लोखंड ओळखीचं आहे. लेमान १०४ वर्षं जगल्या.

मघाशी आदळाआपट म्हटलं, त्यातली शेवटची मोठी सांगायची राहिली. पृथ्वी जवळजवळ पूर्ण वाढलेली असताना मंगळाएवढा एक ग्रह तिच्यावर येऊन आदळला असावा. थिया हे त्याचं नाव, अर्थात नंतर ठेवलेलं. उडालेल्या राडारोड्यातून चंद्र झाला. १९७५ मध्ये ही कल्पना मांडली गेली. अपोलोच्या सहा फेऱ्यांनी ३८२ किलो दगडमाती आणली होती, तिच्यातला ऑक्सिजन आणि पृथ्वीतला ऑक्सिजन इतका सारखा निघाला की दोघं एकाच मातीचे हे मानावं लागलं. चंद्रात लोखंड मात्र कमी. आघात वरच्या दगडाला झाला, लोखंड आधीच खाली गेलेलं, हे त्याला धरूनच आहे. तेव्हाचा दिवस पाच-सहा तासांचा असावा. मग चंद्र भरती-ओहोटीच्या दोरीने पृथ्वीचं फिरणं आवरत आला आणि त्या बदल्यात स्वतः लांब जात राहिला, अजूनही वर्षाला ३.८ सेंटिमीटर जातो. जॉन वेल्स या जीवाश्मांच्या अभ्यासकाने १९६३ मध्ये सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या अंगावरच्या बारीक रेघा मोजल्या. वर्षभराच्या वाढीत रेघा भरल्या सुमारे चारशे. दिवस बावीस तासांचे होते.

फिरण्यामुळे पृथ्वी कमरेत सुटली आहे. विषुववृत्तावरचा व्यास १२,७५६ किलोमीटर, ध्रुवांमधला त्याहून ४३ कमी. हे आकडे मला कधी लक्षात राहत नाहीत, म्हणून मी एक मीटर व्यासाचा गोल मनात धरतो. कमरेचा सुटलेपणा त्यावर सव्वातीन मिलिमीटर. एव्हरेस्ट पाऊण मिलिमीटरही भरत नाही. मारियाना गर्ता त्याहून किंचित खोल. आणि समुद्र? ७१ टक्के पृष्ठभाग व्यापणारं, सरासरी पावणेचार किलोमीटर खोल असं हे पाणी त्या गोलावर मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाइतकंही जाड नाही. ओल्या फडक्याने गोल पुसला तर जेवढा ओलसरपणा राहील तेवढा. वजनात सांगायचं तर पृथ्वीच्या दहा हजार भागांतले दोन-सव्वादोन. ‘निळा ग्रह’ म्हणायला हरकत नाही, पण तो रंग वरवरचाच आहे.

हा ओलसरपणा फार जुना मात्र आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये झिरकॉन या खनिजाचे कण सापडतात. झिरकॉनचा स्फटिक बनताना युरेनियमला आत घेतो आणि शिशाला बाहेर ठेवतो, म्हणजे घड्याळ शून्यावर लावूनच सुरू होतं. २००१ मध्ये त्यांतल्या एका कणाचं वय ४४० कोटी वर्षं जाहीर झालं. केसाच्या दोन-तीन पट जाड एवढा कण. ज्या खडकात तो जन्मला तो कधीच नाहीसा झाला. कण सुटला, वाहत गेला, दुसऱ्याच कुठल्या खडकाच्या कुशीत जाऊन बसला. अशा कणांमधल्या ऑक्सिजनवरून दिसतं की तेव्हाही पृथ्वीवर पाणी वाहतं होतं. थियाच्या टकरीनंतर थोडक्या कोटी वर्षांत.

परवा ती डबी उघडली. गोळे सहाच होते. कापूस झटकला, झाकणात पाहिलं, भिंग घेऊन टेबल पालथं घातलं, चुंबकही फिरवलं. मग लक्षात आलं की मागच्या आठवड्यात एका मुलाला दाखवताना तो डबीवर शिंकला होता. त्यानंतर फरशी कितीतरी वेळा झाडून झाली होती. पृथ्वीचं वजन तेवढं वाढलं असणार.